फुलवालीचे नाटक का टिकले?



हमाल-मापाड्यांच्या संघटनेत ज्याचे आयुष्य गेले त्याने मजुरीच्या दरांवर, बोनसवर, भविष्यनिर्वाह निधीवर बोलावे. नाटकावर बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असा प्रश्न आजचा विषय ऐकून कोणाच्या मनात आला असल्यास त्यात वावगे काही नाही. माझे शाळेतील शिक्षण अर्धवट राहिले आणि पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलणे मला जमणार नाही. परंतु ज्या नाटकाविषयी आज बोलावयाचे आहे त्याचा विषय माणसाची बोली, त्या बोलीवरून ठरणारी त्याची पायरी आणि ती पायरी बदलण्याची त्याची धडपड हा आहे. या गोष्टींशी चळवळीतल्या माणसाचा रोजचा संबंध येतो. म्हणून हे धाडस केले आहे.

जॉर्ज बर्नार्ड शॉ या आयरिश नाटककाराने ‘पिग्मॅलियन’ हे नाटक १९१२ साली लिहिले. त्याचा पहिला प्रयोग १६ ऑक्टोबर १९१३ रोजी व्हिएन्ना येथे, तोही जर्मन भाषांतरात झाला. लंडनच्या रंगभूमीवर ते ११ एप्रिल १९१४ रोजी आले. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी त्याचे ‘ती फुलराणी’ हे रूपांतर केले आणि इंडियन नॅशनल थिएटरने ते १९७५ साली रंगभूमीवर आणले. नावासाठी त्यांनी बालकवींच्या प्रसिद्ध कवितेची आठवण जागी केली. भक्ती बर्वे यांची मंजुळा साळुंके आणि सतीश दुभाषी यांचे प्राध्यापक अशोक जहागीरदार ज्यांनी पाहिले ते आजही त्यांच्याविषयी भरभरून बोलतात. पुढे प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा एकामागून एक पिढीच्या अभिनेत्रींनी मंजुळा उभी केली. उर्दूत बेगम कुदसिया जैदी यांनी ‘आजर का ख्वाब’ केले, गुजरातीत मधु राय यांनी ‘संतू रंगीली’ लिहिले, आणि २०२३ साली मराठीत ‘फुलराणी’ नावाचा चित्रपटही आला. शंभरांहून अधिक वर्षे लोटली, देश बदलले, भाषा बदलल्या, तरी ही फुलवाली म्हातारी होत नाही. याचे कारण काय असावे, हा आजचा प्रश्न आहे.

ज्यांनी नाटक पाहिले नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. लंडनच्या रस्त्यावर फुले विकणारी एलायझा डूलिटल ही गरीब, अशिक्षित मुलगी. उच्चारशास्त्राचा पंडित हिगिन्स याला तिची बोली म्हणजे इंग्रजी भाषेचा अपमान वाटतो. काही महिन्यांत हिला अशी बोलावयास शिकवीन की सरदार-दरकदारांच्या मेजवानीत ही उमरावीण म्हणून खपेल, अशी बढाई तो कर्नल पिकरिंग या मित्रापुढे मारतो, आणि पुढे त्यावर पैज लागते. मुलगीही आपणहून शिकावयास येते. तिला दुकानात नोकरी हवी असते, आणि दुकानात उभे राहावयाचे तर बोलणे सुधारले पाहिजे हे तिला कळलेले असते. ती शिकते, पैज जिंकली जाते. परंतु पैज जिंकल्यावर या मुलीचे काय करावयाचे, याचा विचार पैज मारणाऱ्याने केलेलाच नसतो. नाटक खरे सुरू होते ते येथे.

पुष्कळांचे म्हणणे असे की, गरीब मुलगी चिखलातून वर येते आणि राणी होते, ही गोष्ट जगात सर्वांना आवडते, म्हणून हे नाटक आवडते. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. तसल्या गोष्टी शेकड्यांनी लिहिल्या गेल्या आणि विसरल्याही गेल्या. हे नाटक टिकले, कारण ते प्रेक्षकाला हसवता हसवता एक अडचणीचा प्रश्न विचारते. माणसाला मान मिळतो तो त्याच्या गुणामुळे, की समोरचा त्याला ज्या रीतीने वागवतो त्यामुळे? हा प्रश्न जोपर्यंत सुटत नाही तोपर्यंत हे नाटक जुने होणार नाही, असे माझे मत आहे.

हा प्रश्न शॉला कोठून सुचला, हे त्याच्या चरित्रावरून समजते. त्याचा जन्म २६ जुलै १८५६ रोजी डब्लिन येथे झाला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि जमीनजुमल्याचे व्यवहार पाहणाऱ्या एका कचेरीत तो कारकून झाला. १८७६ साली तो लंडनला आला. लिहिलेल्या कादंबऱ्या प्रकाशक परत पाठवीत होते. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय हेच त्याचे विद्यापीठ झाले. १८८४ साली तो फेबियन सोसायटी या समाजवादी मंडळात शिरला आणि बागांमध्ये, रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभा राहून वर्षानुवर्षे भाषणे करीत राहिला. आयर्लंड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. राज्यकर्त्यांच्या राजधानीत, त्यांचीच भाषा आपल्या आयरिश हेलात बोलणारा हा परका माणूस. बोलीवरून माणूस जोखला जातो म्हणजे काय, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते.

लंडनची गरिबीही त्याने पुस्तकातून पाहिलेली नव्हती. त्याच्या फेबियन सहकारी ॲनी बेझंट, ज्या पुढे हिंदुस्थानात येऊन होमरूलच्या चळवळीच्या पुढारी झाल्या, त्यांनी १८८८ साली लंडनमधील आगपेट्यांच्या कारखान्यातील मुलींची हलाखी जगापुढे मांडली होती. त्या वर्षी सुमारे चौदाशे मुली-बायका संपावर गेल्या आणि तो संप जिंकला. एलायझा ही त्याच शहरातली, त्याच थरातली मुलगी आहे. तिला बोलता येत नाही असे हिगिन्सला वाटते. परंतु तिच्यासारख्या मुलींनी मालकाशी बोलून दाखविले होते, हे शॉ जाणून होता.

आता मराठीकडे वळू. हे रूपांतर आपल्याकडे मूळ नाटकाइतकेच घट्ट रुजले याचे श्रेय पु. लं.च्या कानाला आहेच. १९५२ साली गोगोलच्या नाटकावरून त्यांनी ‘अंमलदार’ केले होते, तेव्हा परके रोप आपल्या मातीत लावण्याचा त्यांचा हात बसलेला होता. परंतु आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या भाषेतच आहे. इंग्रजीत राजालाही आणि रस्त्यावरच्या पोरीलाही एकाच सर्वनामाने हाक मारतात. मराठीत तसे नाही. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या तीन पायऱ्या आपल्या प्रत्येक वाक्यात असतात. तोंड उघडले की आपण समोरच्याला कोठे उभे करतो ते कळते. शॉला जे प्रसंग घडवून दाखवावे लागले ते मराठीत नुसत्या क्रियापदातून दिसते. त्यातून मुलीचे आडनाव साळुंके आणि प्राध्यापकाचे जहागीरदार. इंग्लंडात बोलीवरून वर्ग ओळखतात. आपल्याकडे ‘पाणी’ की ‘पानी’ यावरून वर्गाबरोबर जातही हुंगण्याची खोड आहे. प्रेक्षागृहात मंजुळेच्या ‘न’ला आणि ‘ण’ला हशा पडतो तेव्हा हसणाऱ्याने क्षणभर स्वतःकडेही पाहावे.

आपल्या मराठवाड्याला तर या आडनावाचा अर्थ अधिक चांगला कळावा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि जहागिऱ्या गेल्या त्या १९४९ साली. तोपर्यंत जहागीरदार हे नुसते आडनाव नव्हते. त्या राज्यात दरबाराची, कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला अव्वल तालुकदार म्हणत. गावाकडच्या माणसाला आपले गाऱ्हाणे मांडावयाचे तर दुसऱ्याकडून दरखास्त लिहून घ्यावी लागे. म्हणजे त्या काळी आपली सगळी मराठीच फुलवाली होती आणि उर्दू ही उमरावीण होती. पुढे १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६४ साली मराठीला राजभाषेचा कायदा मिळाला. आता मराठी उमरावीण झाली. परंतु ती कोणाची मराठी? नांदेडचा मुलगा ‘कामून’ म्हणाला, लातूरचा ‘काय करूलालास’ म्हणाला, की पुण्याच्या वसतिगृहात हशा पिकतो. आणि ज्यांची मराठी शुद्ध ते इंग्रजीपुढे अवघडून बसतात. शुद्ध भाषा कोणती हे व्याकरण ठरवीत असेल असे आपण समजतो. पुष्कळदा ते कचेरी कोणाच्या हाती आहे यावर ठरते.

यावरून कोणी असे समजू नये की शॉ प्रमाणभाषेच्या विरुद्ध होता. तो लंडनच्या बीबीसी नभोवाणीच्या उच्चार-समितीचा १९३० पासून अध्यक्ष होता. इंग्रजीसाठी नवी लिपी तयार व्हावी म्हणून त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले, आणि तशी लिपी तयारही झाली. तरीही १९२७ च्या सुमारास काढलेल्या भाषाशिक्षणाच्या ध्वनिमुद्रिकेत त्याने स्पष्ट सांगितले की, एकच एक अचूक इंग्रजी अशी वस्तू अस्तित्वात नाही. भाषा शिकवावी, परंतु ती येत नाही म्हणून माणसाला खालचा समजू नये, हा त्यातला विवेक आहे.

नुसता उच्चार शिकवून काय होते हे नाटकाच्या तिसऱ्या अंकात फार गमतीने दाखविले आहे. एलायझा हिगिन्सच्या आईकडे पाहुणी म्हणून येते. तिचा एकेक उच्चार काटेकोर असतो. पण बोलता बोलता ती आपल्या मावशीच्या मरणाचा विषय काढते आणि घरच्यांनीच म्हातारीचा काटा काढला असावा, असे अत्यंत शुद्ध भाषेत सांगते. पाहुण्यांना ही बोलण्याची नवी तऱ्हा वाटते. प्रेक्षक हसतात, आणि त्यांनी हसावे. परंतु नीट पाहिले तर त्या हशाच्या खाली दारिद्र्य आहे. जिभेवरची धूळ झटकली गेली, आयुष्यावरची झटकली गेली नाही. भाषा सुधारली म्हणजे गरिबाचा प्रश्न सुटला असे मानणाऱ्या सुधारकाला हे उत्तर आहे.

मग माणूस बदलतो तो कशाने? शेवटच्या अंकात एलायझा ते सांगते. तिच्या म्हणण्याचा सारांश असा की, आपले खरे शिक्षण हिगिन्सने केले नाही. कर्नल पिकरिंगने पहिल्याच दिवशी आपल्याला ‘मिस डूलिटल’ म्हटले, तेथून ते सुरू झाले. फुलवाली आणि प्रतिष्ठित बाई यांच्यातला फरक त्या कशा वागतात यात नसून लोक त्यांना कसे वागवतात यात आहे. मला हा साऱ्या नाटकाचा कणा वाटतो.

यासंबंधी आमच्या कामातला एक अनुभव सांगतो. डाळ गिरणीत काम करणाऱ्या एका बाईच्या मजुरीतून पैसे कापले होते. सुनावणीच्या वेळी तिने आपल्या बोलीत विचारले, “कामून कापले म्हनावं, म्या रोज येऊलाले तर?” समोरचे साहेब हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही जरा नीट मराठीत सांगा.” तिच्या प्रश्नात न समजण्यासारखे काही नव्हते. मी म्हणालो, “त्या विचारताहेत ते बरोबर आहे. उत्तर त्यांनाच द्या.” साहेबांनी खुर्ची ओढली आणि प्रथमच तिला ‘बाई, तुम्ही’ म्हटले. त्यानंतर ती जे बोलली त्यात हजेरीचे दिवस होते, तारखा होत्या, मुकादमाने काय सांगितले तेही होते. बोली तीच होती. ऐकणारा बदलला होता. संघटना म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन की, जो ऐकत नाही त्याला ऐकावयास लावण्याची ती एक रीत आहे.

या नाटकात आणखी एक पात्र आहे, ज्याच्यावाचून ते अर्धे राहील. तो म्हणजे फुलवालीचा बाप. मूळ नाटकात तो कचरा वाहणारा आहे. मुलगी श्रीमंताच्या घरी राहते असे कळताच तो पाच पौंड मागावयास येतो. दहा देऊ केले तर घेत नाही. दहा हाती आले की माणूस काटकसरीचा विचार करू लागतो आणि सुख जाते, असे त्याचे म्हणणे. तो उघड सांगतो की, मी मदतीला अपात्र असा गरीब आहे. पण पात्र विधवेला लागते तेवढेच जेवण मलाही लागते. प्रेक्षक याला लफंगा समजून हसतात. मला मात्र या लफंग्याने दानधर्माच्या वर्मावर बोट ठेवलेले दिसते. दान देणारा नेहमी सालस, नम्र, कृतज्ञ गरीब शोधतो. हक्काला असे काही लागत नाही. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या माथाड्यांनी दिलेल्या लढ्याचे ते फळ होते. त्या कायद्याने मंडळे झाली, नोंदणी झाली, मजुरी मंडळाकडे भरण्याची रीत आली. त्या नोंदणीत हमाल सज्जन आहे काय, तंबाखू खातो काय, असा रकाना नाही. ओझे उचलले की मजुरी. दया आणि हक्क यांतला फरक समजावून सांगताना मला शॉच्या या कचरेवाल्याची नेहमी आठवण होते.

आता पैजेनंतरच्या रात्रीकडे येऊ. मेजवानी आटोपून सर्व घरी येतात. हिगिन्स म्हणतो, सुटलो एकदाचे. ज्या मुलीने सहा महिने जिवाचे रान केले तिला कोणी शाबासकीचा शब्दही देत नाही. ती संतापून त्याच्या सपाता त्याच्याच अंगावर भिरकावते आणि विचारते की, आता माझे काय होणार? पूर्वी मी फुले विकत होते, स्वतःला विकत नव्हते. आता मला प्रतिष्ठित बाई करून ठेवल्यावर विकण्यासारखे दुसरे काही माझ्यापाशी उरले नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. हा प्रश्न आपल्या भागात घरोघर विचारला जात आहे. लातूरच्या अभ्यासाच्या ‘पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले. नांदेडला १९९४ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले. शिक्षण आले ही आनंदाची गोष्ट आहे. ते नको असे म्हणणारा मी शेवटचा माणूस असेन. परंतु पदवी हातात असलेला मुलगा बापाबरोबर पोते उचलू शकत नाही आणि कचेरीत त्याला कोणी उभे करीत नाही, तेव्हा तो एलायझाचाच प्रश्न विचारीत असतो. शिकविणाऱ्यांनी पैज जिंकली, निकालाचे फलक लागले. पुढे काय, हे कोणी ठरविले होते?

राहता राहिला शेवट. लोकांना हिगिन्स आणि एलायझा यांचे लग्न हवे होते. लंडनच्या पहिल्या प्रयोगात हिगिन्सचे काम करणाऱ्या बीरबोम ट्री या नटाने शेवटी एलायझाकडे फुले फेकून तसे सूचितही केले. शॉ चिडला. १९१६ साली त्याने पुस्तकाला पुरवणी जोडून बजावले की, ती हिगिन्सशी लग्न करीत नाही. फ्रेडी नावाच्या साध्या मुलाशी करते आणि फुलांचे दुकान काढते. १९३८ च्या चित्रपटात, ज्याच्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळाले, शेवट पुन्हा लोकांच्या आवडीकडे झुकला. १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’ या संगीत नाटकातही तसेच झाले. लेखक एक सांगतो आणि प्रेक्षक दुसरे मागतो, अशी ही ओढाताण शंभर वर्षे चालू आहे.

मला शॉचे म्हणणे पटते. मूळ ग्रीक कथेत पिग्मॅलियन हा शिल्पकार आपणच घडविलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो, देवता तिच्यात प्राण घालते आणि त्यांचे लग्न होते. मूर्तीला काय हवे होते, हे त्या कथेत कोणी विचारीत नाही. शॉची मूर्ती मात्र बोलू लागते. ती हिगिन्सला सांगते की, तुम्ही मला दिलेली विद्या आता तुम्हाला परत घेता येणार नाही. मीही दुसऱ्यांना शिकवीन. त्या क्षणी हिगिन्स खरा घाबरतो, आणि त्या क्षणीच तिच्याकडे बरोबरीची म्हणून पाहतो. ज्याने शिकविले त्याचे उपकार मानावेत. परंतु उपकाराच्या बदल्यात मालकी देऊ नये, हे त्या मुलीला समजले आहे.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही कामगारांना अर्ज लिहावयास शिकवितो, तोही प्रमाण मराठीत, कारण कचेरीत तो वाचला गेला पाहिजे. परंतु सभेत ज्याने त्याने आपल्या बोलीत बोलावे आणि प्रत्येकाला ‘अहो’ म्हणूनच हाक मारली जावी, असा नियम आम्ही पाळतो. पहिल्या पहिल्यांदा ‘अहो’ म्हटले की साठीचे हमालसुद्धा मागे वळून पाहत, दुसऱ्या कोणाला तरी हाक मारली असेल असे त्यांना वाटे. आता ते वळून पाहत नाहीत. मंजुळेचे नाटक पुन्हा कधी आपल्या गावी आले तर जरूर पाहा, पोट धरून हसा; आणि घरी परतताना रिक्षावाल्याला आपण ‘अरे’ म्हणतो की ‘अहो’, तेवढे ध्यानात ठेवा.